येझदी : नाव कुठून आलं, रूप कुठून आलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काकांची रोडकिंग, म्हणजे येझदीची जुनी मोटारसायकल, माझ्याकडे आली तेव्हापासून पेट्रोल पंपावर, सिग्नलला, लग्नाच्या मांडवाबाहेर लोक थांबवून तेच तेच विचारतात. मेसेजही तसेच येतात. गाडीच्या किमतीपेक्षा तिच्या नावाबद्दल जास्त विचारणा होते, याचं मला फार बरं वाटतं. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. येझदी हे कंपनीचं नाव की गाडीचं?

गाडीचं. कंपनीचं नाव आयडियल जावा (इंडिया) लिमिटेड. कारखाना म्हैसूरला, यादवगिरी भागात. कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला या गाड्या चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याने बनत, म्हणून त्यांच्यावर 'जावा' हे नाव असे. १९७३च्या सुमारास ते जाऊन 'येझदी' आलं आणि १९९६ साली कारखाना बंद होईपर्यंत तेच राहिलं. रोडकिंग, क्लासिक, ऑइलकिंग, मोनार्क, डिलक्स ही येझदीची मॉडेलं. आपल्याकडे मात्र सगळ्यांनाच सरसकट येझदी म्हणतात, खेड्यात कुठे कुठे 'येजदी'.

२. टाकीवर येझदी लिहिलंय, पण आरसी बुकात 'आयडियल जावा' आहे. कागद चुकीचे आहेत का?

नाहीत. आरसी बुकात उत्पादकाचं नाव असतं, आणि ते शेवटपर्यंत आयडियल जावाच होतं. टाकीवरचं नाव बदललं तरी कंपनीच्या नावातून 'जावा' गेलं नाही. जुनी येझदी विकत घेताना आरसीवर 'आयडियल जावा' दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या आकड्यांशी जुळतात का, ते मात्र स्वतः वाकून पाहा.

३. 'जावा' हे इंडोनेशियातल्या बेटावरून आलं ना?

बेटाशी काही संबंध नाही. हे दोन नावांच्या सुरुवातीचं जोडकाम आहे.

फ्रांतिशेक यानेचेक हे चेक गृहस्थ शस्त्रास्त्रं बनवत. जन्म १८७८चा, मृत्यू १९४१चा. प्रागमध्ये त्यांचा कारखाना होता. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षं होत आली तशी शस्त्रांची मागणी आटली. यंत्रं होती, हातात कसब असलेले कामगार होते, त्यांना काम हवं होतं. तेव्हा जर्मनीतल्या वांडरर कंपनीला मोटारसायकलचा धंदा सोडायचा होता. यानेचेक यांनी १९२९ साली तो आराखडे आणि यंत्रसामग्रीसकट घेतला. यानेचेकमधली पहिली दोन रोमन अक्षरं आणि वांडररमधली पहिली दोन, मिळून जावा.

पहिली गाडी वांडररच्याच आराखड्यावरची ५०० सीसीची होती, चेनऐवजी शाफ्टवर चालणारी. देखणी, पण जड आणि महाग. त्यात जगभर मंदी आली. मग जॉर्ज पॅचेट या इंग्लिश इंजिनिअरच्या देखरेखीखाली १९३२ साली विलियर्सचं १७५ सीसीचं टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन धावांत एक फेरी पुरी करणारं) इंजिन बसवलेली हलकी, स्वस्त गाडी आली आणि तिने कंपनीला तारलं. जावा म्हणजे टू-स्ट्रोक हे समीकरण तिथून सुरू झालं.

युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि जावा सरकारची झाली. यानेचेक तेव्हा हयात नव्हते, घराण्याच्या हातात काही उरलं नव्हतं, तरी त्यांच्या आडनावाची दोन अक्षरं टाकीवर राहिली.

४. हे वांडरर म्हणजे नक्की कोण? आज ती कंपनी आहे का?

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात केमनिट्स नावाचं औद्योगिक शहर आहे, तिथली ही कंपनी. सायकली, टंकलेखन यंत्रं, मोटारसायकली, मोटारी असं बरंच काही बनवत. मोटारसायकलचा भाग यानेचेक यांना गेला. मोटारींचा भाग १९३२ साली ऑडी, हॉर्श आणि डीकेडब्ल्यू यांच्याबरोबर ऑटो युनियन या समूहात गेला. चार कंपन्यांची चार कडी. आज ऑडीच्या नाकावर जी चार कडी दिसतात त्यातलं एक वांडररचं आहे. म्हणजे रस्त्यात ऑडीशेजारी एखादी जुनी जावा उभी राहिली तर दोघींचं एक आजोळ सारखं आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो.

५. उच्चार 'जावा' की 'यावा'?

चेक भाषेत रोमन जे या अक्षराचा उच्चार 'य' होतो, म्हणून तिकडे 'यावा'. यानेचेक हे नावही जे अक्षरानेच सुरू होतं. भारतात इंग्रजी वळणाने 'जावा' रुळलं आणि कंपनीनेही तेच मानलं. मराठीत 'जावा'च लिहा. प्रश्न ८ मात्र या 'य'शिवाय कळणार नाही, म्हणून तो लक्षात ठेवा.

६. मग 'येझदी' हे नाव कुठून आलं?

इराणमधल्या यज्द शहरावरून. आयडियल जावाच्या स्थापनेमागे मुंबईचे रुस्तम इराणी आणि फारोख इराणी होते. जावा गाड्या आयात करून विकण्यापासून त्यांचा या धंद्याशी संबंध होता. घराणं मूळचं यज्दचं. फारसीत गावाच्या नावाला 'ई' लावली की 'त्या गावचा' असा अर्थ होतो, जसं शिराजचा तो शिराजी. तसा यज्दचा तो यज्दी. आपल्या कोल्हापुरी, सोलापुरी या शब्दांत तीच 'ई' आहे. मुंबईच्या पारशी-इराणी बोलीत यज्दीचं येझदी झालं. मुलाचं नाव म्हणूनही 'येझदी' त्या समाजात चांगलं रुळलेलं आहे.

म्हणजे म्हैसूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या, चेक आराखड्यावरच्या गाडीला मुंबईकर मालकांनी आपल्या मूळ गावाचं नाव दिलं. मला हे फार आवडतं. परवान्याचं नाव सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी इंग्रजी शब्दकोशात एखादा रुबाबदार शब्द शोधला नाही, पूर्वजांनी सोडलेलं गाव आठवलं.

यज्द या शब्दाच्या मुळाशी अवेस्ता या झरथुष्ट्री धर्मग्रंथांच्या प्राचीन भाषेतला 'यझ्' धातू आहे, अर्थ पूजणे. संस्कृतातला 'यज्' तोच. अवेस्तातलं 'यस्न' म्हणजे आपला यज्ञ, 'यझत' म्हणजे वेदातला 'यजत', पूजनीय. मराठीतला यजमान याच घरातला. सत्यनारायणाला पाटावर बसणारा यजमान आणि दाराबाहेर उभी येझदी, दोघांच्या नावांत एकच धातू आहे.

७. मालक पारशी होते असं ऐकलंय. मग इराणचं गाव कसं?

पारशी आणि इराणी दोघेही झरथुष्ट्राचे अनुयायी, पण भारतात आले वेगवेगळ्या काळात. पारशांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले आणि गुजराती भाषा, रीतीत मिसळून गेले. ज्यांना आपण 'इराणी' म्हणतो ते बरेच नंतर, मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, यज्द आणि केरमान या भागांतून आले. तिकडे छळ होता, दुष्काळ होता. त्यांना मूळ गाव नीट आठवत होतं, घरात त्याची बोली होती.

मुंबई-पुण्याला हा समाज बन-मस्का आणि चहासाठी माहीत आहे. फोर्टमधली यज्दानी बेकरी आठवा. बेकरीच्या पाटीवरचं यज्दानी आणि टाकीवरचं येझदी एकाच मुळातून आलेत. पाव भाजणारे इराणी सगळ्यांना ठाऊक आहेत, गाडी बनवणारे इराणी मात्र विस्मरणात जातात, हे मला खटकतं.

८. चेक भाषेत 'येझदी' म्हणजे 'गाडी चालवतो' असा अर्थ आहे, हे खरं का? मग नाव तिथूनच आलं असणार!

पहिला भाग खरा आहे. चेकमध्ये 'येझदित' हे क्रियापद वाहनाने ये-जा करण्यासाठी वापरतात. त्याचं 'येझदी' दीर्घ ई लावून म्हटलं तर 'तो चालवतो, फिरतो', आणि ह्रस्व इ ठेवून म्हटलं तर आज्ञार्थ, 'चालव!' घोडेस्वाराला आणि मोटारसायकलस्वाराला 'येझदेत्स' म्हणतात. लिहिताना सुरुवातीला जे असतो, वाचताना य (प्रश्न ५). एखाद्या चेक माणसाने आपल्या गाडीचं नाव ऐकलं तर त्याला सरळ 'चालव' असंच ऐकू येईल.

दुसरा भाग मात्र मी मान्य करत नाही. नाव ठेवणाऱ्यांच्या घरात हा शब्द गावाचं नाव म्हणून आणि माणसांचं नाव म्हणून आधीपासून होता. चेक शब्दकोशात डोकवायची गरज नव्हती. चेक अभियंत्यांबरोबर वर्षानुवर्षं काम केल्यावर हा योगायोग मालकांच्या कानावर आलाच असेल, असं मला आपलं वाटतं. पण गावाचं नाव ते मूळ, चेक अर्थ हा वर मिळालेला प्रसाद.

९. इराकमधल्या यझिदी लोकांशी काही नातं?

गाडीच्या नावाचं नातं नाही. तो वेगळा धर्म, वेगळा समाज, वेगळा प्रदेश. उच्चार जवळचे आहेत एवढंच. गाडीच्या नावासाठी प्रश्न ६ पाहा.

१०. चांगलं चाललेलं 'जावा' नाव सोडून 'येझदी' का केलं? आणि तेव्हा गाडी बदलली का?

चेक कंपनीबरोबरचा परवाना संपला, म्हणून. जावा हे नाव त्यांचं होतं, परवान्याशिवाय वापरता येत नव्हतं. आराखडे, साचे, यंत्रं आणि एव्हाना हात बसलेले कामगार मात्र म्हैसूरलाच होते. त्यामुळे नाव बदललं त्या दिवशी गाडी बदलली नाही. १९७३च्या आगेमागे निघालेल्या जावा बी टाइप आणि येझदी शेजारी उभ्या करा. टाकीवरची अक्षरं झाकली तर निष्णात मिस्त्रीलाही क्षणभर थांबावं लागेल. गाडी खरी बदलली ती पुढे रोडकिंगच्या वेळी (प्रश्न १६).

११. या गाडीचं मूळ रूप कुठे ठरलं? भारतात की तिकडे?

तिकडे, आणि फार बिकट काळात. दुसऱ्या महायुद्धात चेक भूमी जर्मनांच्या ताब्यात होती. जावाच्या कारखान्याला जर्मन लष्करासाठी काम करावं लागे, स्वतःची नवी गाडी काढायला बंदी. तरीही काही अभियंत्यांनी युद्धानंतरच्या दिवसांसाठी २५० सीसीची एक गाडी गुपचूप आखली. चाचणीसाठी रस्त्यावर काढताना तिच्यावर जर्मन डीकेडब्ल्यूची ओळख लावत, म्हणजे कुणाला संशय नको.

युद्ध संपलं आणि १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी जगासमोर आली. तोवर मोटारसायकल म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, वायरी, नळ्या सगळं उघडं दिसणारं यंत्र. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गुळगुळीत, अंडाकृती कवचात होते. साखळी बंद पेटीत. पुढचे शॉकअब्सॉर्बर टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकणारे. गाडी पुसायला घेतली की फडकं कुठे अडकत नाही, हा अनुभव तिथून सुरू होतो.

१९५४ साली तिची पुढची पिढी आली, ३५३ क्रमांकाची. मागचं चाक आता झुलत्या दांड्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर होतं. चेक लोकांनी तिला 'किवाच्का' म्हटलं, झुलणारी. म्हैसूरला १९६१ पासून जी बनू लागली ती हीच ३५३. गुडघ्यांजवळ रबराचे पॅड असलेली फुगीर टाकी, स्पीडोमीटरला पोटात घेणारं हेडलाइटचं कवच, गडद लाल रंगावरच्या बारीक सोनेरी रेघा, हे सगळं तिच्याबरोबर आलं. जावाचं नाव काढलं की आजही लोकांना आधी तो लाल रंग आठवतो.

१२. 'पेराक' म्हणजे काय? नव्या जावा पेराकचा याच्याशी संबंध आहे का?

'पेरो' म्हणजे चेकमध्ये स्प्रिंग. १९४६च्या गाडीला मागच्या चाकाजवळ दोन्ही बाजूंना उभ्या नळकांड्यांत स्प्रिंगा होत्या. तेव्हा बहुतेक गाड्यांचं मागचं चाक थेट फ्रेमला ठोकलेलं असे, त्यामुळे ही स्प्रिंग मोठी नवलाई होती. लोकांनी गाडीला 'पेराक' म्हटलं, स्प्रिंगवाला.

युद्धकाळातल्या प्रागमध्ये हा शब्द आणखी एका गोष्टीसाठी तोंडोतोंडी होता. बुटांना स्प्रिंगा लावून रात्री भिंतींवरून, रस्त्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या एका माणसाची आख्यायिका पसरली होती, त्यालाही पेराकच म्हणत. जर्मनांच्या हाती न लागणारा उडी-माणूस आणि जर्मनांच्या नाकाखाली आखलेली गाडी, दोघांचं नाव एक.

भारतात २०१८ साली जाहीर झालेल्या आणि पुढच्या वर्षी बाजारात आलेल्या पेराकने हे नाव घेतलं, रूप नाही. ती काळी, बुटकी, एकाच सीटची ३३४ सीसीची बॉबर आहे. १९४६ची पेराक तशी अजिबात नव्हती.

१३. दोन सायलेन्सर आहेत म्हणजे दोन सिलिंडर का?

नाही. सिलिंडर एकच. खात्री करायची तर स्पार्क प्लग मोजा, एकच सापडेल. (३५० ट्विन ही निराळी गाडी, प्रश्न १८.)

टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर पडायला व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडकी असते, पिस्टन खाली सरकला की ती उघडते. खिडकी जितकी मोठी तितका धूर लवकर बाहेर. पण एकच रुंद खिडकी ठेवली तर पिस्टनची रिंग तिथे फुगून कडेला अडकू शकते. म्हणून दोन छोटी तोंडं ठेवली, मध्ये भिंत. दोन तोंडांना दोन नळ्या, दोन नळ्यांना दोन सायलेन्सर, डावीकडे एक, उजवीकडे एक. गाडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते ती याच्यामुळे. गरजेतून आलेली ही गोष्ट पुढे गाडीची ओळखच होऊन बसली.

तो ठोक्यागणिक येणारा आवाजही या मांडणीतूनच येतो. ६५ मिलिमीटर व्यास आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव रुंदीपेक्षा लांब. त्यामुळे इंजिन सावकाश, मोजून बोलतं. आमच्या गल्लीत काका वळणावर असतानाच काकू चहाचं आधण ठेवायची.

१४. किक आणि गिअर एकाच दांड्यावर का दिलेत?

हा दांडा डाव्या बाजूला असतो. गाडी चालू करताना तो आत दाबायचा, फिरवून उभा करायचा आणि किक मारायची. इंजिन सुरू झालं की परत खाली आडवा आणायचा, तो गिअरचा दांडा. दोन दांड्यांचं काम एकात झालं, की उजवी बाजू मोकळी राहते, भाग कमी लागतात, आणि प्रश्न ११ मध्ये सांगितलेलं ते गुळगुळीत कवच गुळगुळीत राहतं. युद्धानंतर युरोपात लोखंडाचा प्रत्येक तुकडा मोलाचा होता, तेव्हा ही काटकसर सहज सुचण्यासारखी होती.

नवख्याची इथेच फजिती होते. गाडी सुरू होते, दांडा उभाच राहतो, आणि पाय गिअर शोधत राहतो. मला काकांनी पहिल्या दिवशी गाडी बंद ठेवूनच पन्नास वेळा दांडा खाली-वर करायला लावलं होतं. तुम्हीही तसंच करा. आठवडाभरात पायाला आपोआप कळतं.

१५. क्लच न दाबता गिअर पडतो, हे खरं की मिस्त्री लोकांची थाप?

खरं आहे. गिअरचा दांडा पायाने दाबला की आतली एक यंत्रणा आधी क्लच सोडवते, मग गिअर बदलतो. धावत्या गाडीत हाताचा क्लच न वापरता गिअर बदलता येतात. यासाठी क्लचची जुळवणी नेमकी हवी. खडखड आवाज होत असेल तर हट्ट करू नका, आधी मिस्त्रीला दाखवा. उभ्या गाडीवरून निघताना हाताचा क्लच वापरलेलाच बरा.

१६. 'रोडकिंग' हे नाव हार्लेवरून उचललंय का?

उलट विचारा! हार्ले-डेव्हिडसनची रोड किंग आली १९९४ साली. येझदी रोडकिंग १९७८ पासून आपल्या रस्त्यांवर होती. सोळा वर्षांचं अंतर आहे. हार्लेवाल्यांनी म्हैसूरकडे पाहिलं असं मी म्हणत नाही, दोन साधे शब्द जोडून दोन ठिकाणी एकच नाव तयार होऊ शकतं. पण आपल्याकडच्या गाडीला आपण होऊन नक्कल ठरवू नये.

रोडकिंगच्या वेळी रूप खरोखर पालटलं. अंगावरचं बाळसं गेलं, टाकी लांबट झाली, हेडलाइट कवचातून सुटा झाला, मीटर वर आले. इंजिनची ताकद १६ अश्वशक्तीपर्यंत गेली. जावा घरातल्या वडीलधाऱ्यांची गाडी वाटायची, रोडकिंग कॉलेजातल्या पोरांची. दोन सायलेन्सर, एकच दांडा आणि चार गिअर मात्र तसेच राहिले.

आणखी एक गंमत पाहा. रोडकिंग, ऑइलकिंग, मोनार्क. तीन मॉडेलं, तिन्ही नावांत राजा. कारखाना राजांच्या शहरात होता आणि त्याचं उद्‌घाटन म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी केलं होतं, हे माहीत असलं की ही नावं वेगळी ऐकू येतात.

१७. ऑइलकिंगला तेलाचा राजा का म्हटलं?

साध्या येझदीत पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळून घालावं लागतं. जुना हिशोब लिटरला ४० मिली, म्हणजे पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल. ऑइलकिंगला तेलाची वेगळी टाकी आणि पंप होता, त्यामुळे मिसळण्याची कटकट नाही. नाव त्यावरून. पुढे बऱ्याच मालकांनी पंप काढून पुन्हा हाताने मिसळायला सुरुवात केली. तुमच्या ऑइलकिंगचा पंप काढलेला असेल आणि हे माहीत नसताना कोरं पेट्रोल भरलंत, तर पिस्टन जाम होईल. घेताना हे आधी विचारा.

१८. ए टाइप, बी टाइप, ३५० ट्विन यांचं काय?

ए आणि बी ही भारतातली नावं. चेक लोक गाड्या क्रमांकाने ओळखतात, २५० सीसीची ३५३ आणि ३५० सीसीची ३५४. ऐंशीच्या दशकात आलेली येझदी ३५० ट्विन जावाच्या ६३४ क्रमांकाच्या गाडीवर बेतलेली होती. तिला खरोखरचे दोन सिलिंडर आहेत, प्लगही दोन. महाग होती, पेट्रोल जास्त प्यायची, म्हणून कमी खपली. आज दिसली तर थांबून पाहा.

१९. एवढी चांगली गाडी बंद का पडली?

ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याने १०० सीसीच्या गाड्या आल्या. १९८५च्या हिरो होंडाने लिटरमागे किती किलोमीटर हा प्रश्न घराघरांत नेला, आणि ज्यांना टू-स्ट्रोकचा वेग हवा होता त्यांना यामाहाची आरएक्स १०० मिळाली. मग धुराचे नियम आले. चाळीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं टू-स्ट्रोक इंजिन त्यात बसवणं जड होतं. १९९६ साली कारखाना बंद झाला. ज्या गुणांमुळे गाडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, म्हणजे जाड पत्रा, साधं यंत्र, फारसे बदल नाहीत, त्यांनीच तिला मागे ठेवलं, असं माझं मत.

२०. नवी येझदी ही 'खरी' येझदी आहे का? आणि मालक बोमन इराणी म्हणजे सिनेमातले ते?

आधी दुसरं. नाही. हे बोमन इराणी रुस्तम इराणींचे चिरंजीव, मुंबईतले बांधकाम व्यावसायिक, रुस्तमजी समूहाचे. नटाचं नाव तेच, माणूस वेगळा.

महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्स या कंपनीत ते भागीदार आहेत. या कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी पुन्हा आणली. गाड्या मध्य प्रदेशात पिथमपूरला बनतात. जावा हे नाव चेक कंपनीच्या परवान्याने, येझदी हे घरचं. मात्र बंद पडलेल्या आयडियल जावाची मालमत्ता म्हणून या नावावर हक्क कुणाचा, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला होता.

यंत्राच्या दृष्टीने जुन्या-नव्यात नातं नाही. नवं इंजिन ३३४ सीसीचं, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. नव्या रोडस्टरला एका सिलिंडरमागे दोन सायलेन्सर दिले ते आठवणीपोटी. जुन्या गाडीत त्यामागे कारण होतं, ते प्रश्न १३ मध्ये आहे. नावाचा वारसा म्हणाल तर तो सरळ आहे, यज्दहून आलेल्या त्याच घरातला.

२१. माझ्या गाडीच्या टाकीवर जावा आहे, पण गाडी १९७५ची. डागडुजी करताना कोणता बिल्ला लावू?

आधी कागद पाहा. आरसीवर दोन्ही काळांत आयडियल जावाच असणार (प्रश्न २), म्हणून नावावरून नाही, उत्पादनाच्या वर्षावरून ठरवा. १९७५ म्हणजे येझदीचा काळ. अशा गाडीवर जावाची टाकी बहुतेक वेळा मागाहून बसवलेली असते, कारण दोन्ही टाक्या बसतात आणि जावाला भाव जास्त मिळतो. इंजिन जुन्या जावाचं आणि चासी येझदीची, असंही सापडतं. तसं असेल तर चासीचं वर्ष धरा.

माझा आग्रह येझदीच्या बिल्ल्याचा राहील. जावा हे नाव जगात पुष्कळ गाड्यांवर आहे, येझदी फक्त आपल्याकडे बनली. टाकी बदलायचा खर्च नको असेल तर तीच टाकी ठेवून रंगाऱ्याकडून तिच्यावर येझदीची अक्षरं करून घ्या. जुन्या अक्षरांचं वळण हवं असेल तर गावातल्या एखाद्या न रंगवलेल्या गाडीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्या. मी काकांच्या गाडीसाठी तसाच घेतला होता. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठिकठिकाणचे जावा-येझदीवाले एकत्र येतात, तिथे अशी गाडी हमखास मिळेल आणि मालक आनंदाने छाप घेऊ देईल.